डबी

पहाटेची पहिली थुंकी, दात न घासता,
छातीतून खोल आलेली, नुसती लाळ नको.
हे वाक्य मी मराठीत, तेलुगूत, कन्नडात
इतक्या दारांत सांगितलंय
की झोपेतही सांगत असेन.

आई दिवसाला हजार बिड्या वळायची,
पंचवीस-पंचवीसचे कट्टे.
कारखान्यातला चेकर त्यातल्या मूठभर उचलून
छाट म्हणून फेकायचा.
का, ते विचारायचं नसे.
मी काचेखाली शंभर क्षेत्रं मोजते,
निळ्यावर लाल काड्या.
नमुना पातळ निघाला की मीही म्हणते,
परत पाठवा.
बाईला पुन्हा पहाटे उठवा.

अठरा महिन्यांचा प्रकल्प एकतीस महिने चालला.
मधे यंत्र बंद पडलं, सुटे भाग पुण्यात अडकले,
मे महिन्यात शीतपेटीतला बर्फ
अशोक चौकापर्यंतही टिकेना.
ऑडिटरला बर्फाच्या पावत्या हव्या होत्या.
पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं,
त्या दिवशी आमच्या बायांना कुणी दारात उभं करत नाही,
हे कुठल्याच आराखड्यात नव्हतं.
विजयालक्ष्मी बिंगीनं ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं.
मी सगळं वेळापत्रक पाण्याला बांधलं.
व्यवस्थापन म्हणून मला खरं जमलेलं ते एवढंच.

चोवीस गल्ल्या.
बारा गल्ल्यांत घरोघरी तपासणी.
उरलेल्या बारांत नेहमीसारखं,
ज्याला वाटेल त्यानं दवाखान्यात यावं.
स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर,
काढणारा हात माझा.
आईची गल्ली उरलेल्यांत गेली.
मी सही केली.

नेहमीसारखं म्हणजे काय, ते मला पाठ होतं:
तंबाखूची धूळ हाय, खोकला असणारच की,
मग अडुळशाची बाटली,
मग एवढी मजुरी हातात आली की दाखवते.

एका रविवारी तो खोकला आईच्या घशातून ऐकला
आणि तिला रिक्षात घातलं.
निकाल सांगायला गेले तर म्हणाली, तिन्नावा?
जेवल्याशिवाय ती कुणाचंच काही ऐकत नाही.
तिच्यासमोर भाकरी संपवली, मग सांगितलं.

तक्ता सात, नियमभंग. मीच भरला.
नातं या रकान्यात: आई.
समितीनं दोन ओळींत माफ केलं.

पण भिंत सामाईक होती.
पलीकडे सत्तेम्मा यन्नम खोकायची,
शाळेत जाताना माझी वेणी घालणारी,
आणि रकान्यात लिहिता येईल असं
तिचं माझं काहीच नातं नव्हतं.
अभ्यास संपायला पाच महिने होते.
मी थांबले.
थांबणं बरोबर होतं, मी विद्यार्थ्यांना तेच शिकवते.
आई माझ्याकडे बघायची, बोलायची नाही,
कात्रीनं पानं कापत राहायची.

दोन महिन्यांनी तिच्या फेरतपासणीच्या डब्या आणल्या.
दोन ठेवल्या होत्या, मोजून.
संध्याकाळी एकच दिसली.
काय करालालीस, म्हटलं.
तू तुझं कर, म्हणाली.

पहाटे भिंतीपलीकडून आवाज आला,
माझंच वाक्य, आईच्या तेलुगूत,
माझ्यापेक्षा सोपं:
खालून काढ गं, पोटच्या पोरासारखं खालून.
मग दोघी चालत सिव्हिलला गेल्या.
ज्याला वाटेल त्यानं यावं, असं आम्हीच लिहिलं होतं.
आईला वाटलं.

शेवटच्या तक्त्यात सत्तेम्मा एक आकडा आहे,
तपासणी नसलेल्या बाजूचा.
तिच्यामुळे दोन बाजूंतला फरक
एका रुग्णानं कमी झाला.
निबंध तपासणाऱ्यानं विचारलं,
एका गटातली माहिती दुसऱ्या गटात झिरपली असेल का,
असल्यास कारण द्यावं.
तीन परिच्छेद लिहिले. खोडले.
आता तिथं एकच ओळ आहे:
आमच्याकडच्या भिंती पातळ आहेत.